प्लेग, मीठ आणि गोखल्यांचे प्रश्न

१८९७ च्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील ३१ वर्षांच्या एका प्राध्यापकाने मुंबईच्या गव्हर्नरांची आणि पुण्यात प्लेगच्या कामावर नेमलेल्या गोऱ्या सैनिकांची जाहीर माफी मागितली. माफी बिनशर्त होती आणि वर्तमानपत्रांतून छापून आली. काही आठवड्यांपूर्वी याच प्राध्यापकाने लंडनमध्ये, पार्लमेंटच्या सदस्यांसमोर, त्याच सैनिकांवर अत्यंत गंभीर आरोप केले होते. आता ते आरोप सिद्ध करता येत नाहीत, असे त्यांनी स्वतःच सांगितले. पुण्यात त्यांची छी-थू झाली. या माणसाचे सार्वजनिक जीवन संपले, असे अनेकांना वाटले.

त्या प्राध्यापकाचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. पुढच्या अठरा वर्षांत त्यांनी सरकारला सार्वजनिक आरोग्याबद्दल इतके प्रश्न विचारले, आणि ते इतक्या नेमक्या आकड्यांनिशी विचारले, की व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखात्याचे अधिकारी त्यांच्या भाषणाच्या दिवशी तयारीनिशी बसू लागले. आज विधिमंडळात दवाखान्यातील औषधांबद्दल, साथीबद्दल किंवा बालमृत्यूंबद्दल प्रश्न विचारला जातो. ती परंपरा घडवणाऱ्यांत गोखल्यांचे नाव फार वरचे आहे. तिची सुरुवात मात्र एका फसलेल्या प्रश्नापासून झाली.

कोतळूक ते पुणे

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील लवकर गेले. थोरल्या भावाने तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवले म्हणून धाकट्याचे शिक्षण झाले. १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुण्याला आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले, पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात. सुरुवातीला त्यांच्याकडे गणितही होते. सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांमधून वर्षानुवर्षे चालले. मुलांना त्रैराशिक शिकवणारा हा मास्तर पुढे सरकारच्या अंदाजपत्रकातील बेरीज-वजाबाकी तपासणार होता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरू. सरकारचे अहवाल वाचायचे, त्यातील तक्ते ताडून पाहायचे आणि मगच अर्ज लिहायचा, ही शिस्त त्यांना रानड्यांकडून मिळाली. मजकुरातला एखादा आकडा सैल राहिला, तर रानडे तो कागद पुन्हा लिहायला लावत.

प्लेग आला तेव्हा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना तापाच्या रुग्णांच्या जांघेत आणि काखेत गाठी दिसल्या. हा ब्युबॉनिक प्लेग आहे, असे त्यांनी ओळखले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जिवाणू शोधला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्या माणसात कसा पोचतो, हे कोणालाच माहीत नव्हते. उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत प्रयोग करून दाखवला तो १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

म्हणजे पुण्यात प्लेग शिरला तेव्हा सरकार अंधारात चाचपडत होते, आणि हातात मात्र अमर्याद अधिकार होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत आठशेहून अधिक अधिकारी आणि सैनिक घरोघरी झडत्या घेत होते. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे, घराला चुना मारायचा, कपडे-अंथरुणे जाळायची, असा क्रम होता.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर यातला काही भाग उपयोगाचा होता. उंदरांनी भरलेली घरे सोडून मोकळ्या माळावर झोपड्यांत राहायला गेल्याने माणसे वाचत, कारण ती पिसवांपासून दूर जात. पण सैनिकांनी देवघरात बुटांसह शिरणे, बायकांना सर्वांसमोर तपासणे आणि निरोगी शेजाऱ्यांना उचलून नेणे यांनी रोग अडत नव्हता. उलट लोक आजारी माणसे माळ्यावर लपवू लागले, प्रेते रातोरात पुरू लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी सर्वांत आधी खरी नोंद लागते, आणि भीतीने नेमकी तीच बुडवली.

न टिकलेला आरोप

या काळात गोखले लंडनमध्ये होते. हिंदुस्थानच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि ती चांगली गाजली. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांत झडत्यांतील जाचाचे वर्णन होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने नंतर जीव दिला, असेही लिहिलेले होते. गोखल्यांनी ही माहिती पार्लमेंटच्या सदस्यांपुढे मांडली आणि मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला दिली. मुंबई सरकारकडे चौकशी झाली. सरकारने साफ इन्कार केला आणि पुरावा मागितला.

दरम्यान २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुण्यावर जादा पोलीस बसले. लोकमान्य टिळकांना अटक झाली, नातू बंधूंना खटला न चालवता कैदेत टाकले गेले. अशा वातावरणात गोखले परतले आणि पत्रे लिहिणाऱ्यांकडे गेले. पण नावानिशी पुढे येऊन सांगायला कोणीही तयार झाले नाही.

ते का तयार झाले नसतील, हे समजणे अवघड नाही. अत्याचार झालेल्या बाईचे नाव उघड होणे म्हणजे त्या काळी तिचा सामाजिक मृत्यू होता. साक्षीदाराला स्वतःच्या अटकेची धास्ती होती. पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात लिहिण्याचे धैर्य दाखवले, तर सरकारने तेही खोटे ठरवले. रमाबाईंसारख्या जगभर ओळख असलेल्या बाईंची ही गत होती, तिथे पेठेतल्या साध्या माणसाचे काय?

गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सरकारला द्यायची, किंवा आरोप मागे घ्यायचा. त्यांनी नावे दिली नाहीत आणि माफी मागितली. काहींना तो भेकडपणा वाटला, तर काहींना प्रामाणिकपणा. डिसेंबरात वऱ्हाडात, अमरावतीला, राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले तेव्हाही त्यांच्यावरचा लोकांचा राग निवळला नव्हता.

आरोप सिद्ध झाला नाही, याचा अर्थ जाच झाला नव्हता असा होत नाही. पण सरकारला जाब विचारताना ऐकीव गोष्ट, ती खरी असली तरी, टिकत नाही, हे गोखल्यांना फार मोठी किंमत देऊन कळले. त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतलेले दिसतात. एक, स्वतः जाऊन पाहायचे. दुसरा, सरकारला सरकारच्याच कागदांवरून विचारायचे.

पहिला नियम त्यांनी लगेच पाळला. पुण्यात प्लेगची पुढची लाट आली तेव्हा गोखले स्वयंसेवक म्हणून कामाला लागले. छावण्या, इस्पितळे, झडत्या हे सारे त्यांनी आतून पाहिले. ज्या गव्हर्नरांची माफी मागितली होती, त्यांच्याच सरकारने या कामाची दखल घेतली.

प्रश्न विचारण्याचा हक्क

१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबईच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९०१ मध्ये तेथून व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर गेले. या कौन्सिलात सदस्याला काय करता येत असे, हे पाहिले की त्यांच्या कामाची अडचण कळते.

१८६१ च्या कायद्यानुसार सदस्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने तो दिला, पण आधी लेखी कळवून. उत्तर आले की विषय संपला. उपप्रश्न नाही, उत्तरावर चर्चा नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, मतदान करता येत नसे. अंदाजपत्रक आधीच ठरलेले असे, सरकारी सदस्यांचे बहुमतही ठरलेले असे. १९०९ च्या सुधारणांनी प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा आणि सदस्यांना ठराव मांडण्याचा हक्क मिळाला. मतदानाने सरकारला हरवणे मात्र तेव्हाही अशक्य होते.

हरणार हे ठाऊक असताना बोलायचे कशासाठी? गोखल्यांचा हिशेब असा दिसतो, की कौन्सिलातील भाषण छापले जाते, इंग्लंडात वाचले जाते आणि पुढच्या वर्षी अर्थमंत्र्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. एकच प्रश्न दरवर्षी, नव्या आकड्यांसह, पुन्हा विचारता येतो. मिठाच्या बाबतीत त्यांनी तेच केले.

चिमूटभर मीठ

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारने मोठी शिल्लक दाखवली होती. देशात मात्र दुष्काळ आणि प्लेग चालू होते. लोक मरत असताना तिजोरीत पैसा उरत असेल, तर तो भरभराटीचा पुरावा नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातला सर्वांत जाचक कर मिठावरचा. १८८८ मध्ये तो मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मिठाच्या उत्पादनखर्चाच्या तो कितीतरी पट होता.

कर वाढल्यावर लोकांनी मीठ खाणे कमी केले का, हे गोखल्यांनी सरकारी खपाच्या आकड्यांतून तपासले. माणशी खप घटल्याचे त्यांनी दाखवले. त्या काळच्या वैद्यकीय मतानुसार निरोगी राहण्यासाठी माणशी वर्षाला सुमारे २० पौंड मीठ लागे. हिंदुस्थानात त्याच्या निम्म्याच्या आसपास खप होता.

आजचा वाचक इथे थबकेल. वर्षाला २० पौंड म्हणजे दिवसाला जवळजवळ २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे गोखल्यांनी आधार घेतलेले वैद्यकीय मत पुढे शास्त्राने सोडून दिले. पण खपाच्या आकड्यात ताटातले मीठच नव्हते. लोणचे, सुकी मासळी, चामड्याचे काम आणि गुराढोरांना चाटायला दिलेले मीठही त्यात होते. गरीब घरात भाकरीबरोबर मीठ-मिरची हेच कालवण असे. एवढ्या साध्या वस्तूचा खप करामुळे कमी होतो, म्हणजे घरात काटकसर करायला दुसरे काही उरलेले नाही, हा त्या आकड्याचा खरा अर्थ होता. तो आजही खोटा ठरत नाही.

या आकड्यांमागे एक फारसे नाव नसलेला माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी हे शाळामास्तर सरकारी अहवालांचे गाढे अभ्यासक होते. गोखले भाषणाचे मुद्दे त्यांच्याकडे पाठवत, जोशी तक्ते तपासत आणि चुका दाखवत. रानड्यांच्या तालमीतले दोघेही. १९०१ मध्ये रानडे गेल्यावर गोखल्यांना हाच आधार उरला होता.

१९०३ मध्ये मिठावरचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रसभा ही मागणी आधीपासून करत होती, आणि तिजोरीत शिल्लकही होती. पण शिल्लक कुठे वापरायची, या प्रश्नाला मिठाचे उत्तर दरवर्षी देणारा सदस्य कौन्सिलात बसलेला होता.

यवतमाळचा प्रश्न कोण विचारणार?

मिठाचा कर मिठागराजवळच वसूल होई. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैलांवर असलेल्या यवतमाळच्या बाजारातले मीठही त्याच कराने महाग होते. यवतमाळ तेव्हा वणी जिल्ह्याचे ठाणे. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले १९०५ मध्ये.

वऱ्हाडाची अवस्था त्या दशकात फार वाईट होती. १८९६-९७ ची टंचाई, १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ पटकी व अतिसार. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढायची ती माणसे सुमारे पाच टक्क्यांनी घटली होती. काळ्या कसदार मातीच्या, कापूस पिकवणाऱ्या मुलखाची ही गोष्ट.

आणि या मुलखाला प्रश्न विचारायला सभागृहच नव्हते. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड निजामाचे, कारभार इंग्रजांचा. १९०२ मध्ये निजामाकडून ते कायमच्या पट्ट्याने घेतले गेले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. पण मध्य प्रांताला स्वतःचे विधिमंडळ मिळाले ते १९१४ मध्ये. तोवर वणी तालुक्यात पटकीने किती माणसे गेली, दवाखाने किती आहेत आणि डॉक्टर किती, हे विचारायचे तर अर्ज करावा लागे किंवा वर्तमानपत्रात लिहावे लागे. अमरावतीचे वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर पुढे काही काळ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, तेवढाच काय तो आवाज.

त्या मृत्यूंची नोंद मात्र होत होती. गावचा पाटील जन्ममृत्यू लिहून ठेवी. ते आकडे तालुक्याला, जिल्ह्याला आणि शेवटी सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात जात. पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार असे रकाने असत. कारण कळले नाही की मृत्यू तापाच्या रकान्यात पडे. या अपुऱ्या नोंदींतूनही चित्र स्पष्ट दिसे, आणि गोखले कौन्सिलात बोलताना हेच अहवाल हाताशी ठेवत. सरकारने स्वतः छापलेला आकडा सरकारला नाकारता येत नाही.

गटारे आणि नळ

१९०२ नंतर काही वर्षे गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. कौन्सिलात आरोग्याच्या गप्पा मारणे वेगळे आणि पेठेतल्या उघड्या गटाराला पैसा शोधणे वेगळे, हे त्यांनी या खुर्चीत बसून पाहिले. बंदिस्त गटारे आणि शुद्ध पाण्याचे नळ यांना लागणारी रक्कम कोणत्याही नगरपालिकेच्या उत्पन्नात बसत नव्हती. कर वाढवावा तर लोक आधीच पिचलेले.

म्हणून त्यांनी कौन्सिलात वर्षामागून वर्ष हा विषय लावून धरला. लष्करावर आणि रेल्वेवर सरकार भांडवली खर्च करते, तसा पाणी आणि सांडपाण्यावर का करत नाही? शिल्लक रक्कम कर्जफेडीकडे किंवा रेल्वेकडे वळवण्याऐवजी शहरांच्या आरोग्याला का देत नाही? १९०७ या एका वर्षात देशात सुमारे तेरा लाख माणसे प्लेगने मेली. त्यानंतरच्या अंदाजपत्रकात, १९०८ मध्ये, भारत सरकारने प्रांतांना स्वच्छतेच्या कामासाठी दरवर्षी ३० लाख रुपये देण्याचे ठरवले.

गोखल्यांच्या अंकगणिताने पाहिले, तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या सुमारे २३ कोटी लोकांत ही रक्कम वाटल्यास माणशी एक जुना पैसाही येत नव्हता. पण आरोग्य ही नगरपालिकेनेच निस्तरायची बाब आहे, ही भूमिका निदान सैल झाली. गोखल्यांचे समाधान झाले नाही. स्थानिक संस्थांना पुरेसे उत्पन्न हवे, हा विषय त्यांनी १९१२ मध्ये पुन्हा कौन्सिलात आणला.

माणसे कुठे मरतात, याचीच नव्हे तर कशाने जीव देतात याचीही नोंद ते पाहत. करारबंद मजूर म्हणून नाताळ, फिजी आणि इतर वसाहतींत नेलेल्या हिंदी लोकांचा प्रश्न त्यांनी १९१० मध्ये मांडला. नाताळला मजूर पाठवणे थांबवावे, हा ठराव सरकारने मान्य केला. मार्च १९१२ मध्ये ही पद्धतच बंद करण्याचा ठराव आणताना त्यांनी मजुरांतील मृत्यूंचे आणि आत्महत्यांचे सरकारी आकडे मायदेशातील आकड्यांशेजारी ठेवले. सरकारी बहुमताने तो ठराव फेटाळला. मजूर भरती थांबली १९१७ मध्ये, ते पाहायला गोखले हयात नव्हते.

सभागृहाबाहेरही काम चालू होते. १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याचे सदस्य दुष्काळात आणि साथीत गावोगाव जाऊन काम करत. त्यांपैकी गोपाळ कृष्ण देवधर यांनी रमाबाई रानड्यांबरोबर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथे पुढे मुली परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १८९७ मध्ये परके सैनिक घरात शिरले होते. आता आजारी बाईला बाईने तपासावे, यासाठी माणसे तयार होऊ लागली.

इन्सुलिनच्या आधी

गोखले स्वतः आजारी माणूस होते. त्यांना मधुमेह होता. त्यावर तेव्हा औषध नव्हते. पथ्य, विश्रांती आणि खनिज पाण्याच्या ठिकाणी जाऊन राहणे, एवढेच डॉक्टर सुचवू शकत. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा, त्यानंतर सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे काम, हिंदुस्थान आणि इंग्लंड अशा खेपा. यात विश्रांती कुठली? १९१४ मध्ये प्रकृतीसाठी ते फ्रान्समध्ये व्हिशी येथे गेले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि ते पॅरिसला अडकून पडले.

१९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी पुण्याला आले. त्यांच्यासाठी समाजाच्या आवारात मेळावा ठेवला होता. तिथे येताना गोखल्यांना भोवळ आली. काही दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, ते गेले. वय ४८. टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला तो १९२१ मध्ये, आणि पुढच्या वर्षी ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले. सात वर्षांचे अंतर.

केसपेपरवरची नोंद

आज यवतमाळच्या आमदाराला गोखल्यांपेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि कोणताही सदस्य त्यावर उपप्रश्न विचारू शकतो. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, हाकेच्या अंतरावर.

तरीही १८९७ ची अडचण पूर्ण गेलेली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. विधिमंडळात त्याचे पडसाद उमटले, विशेष तपास पथक नेमले गेले. तेव्हा सर्वांत आधी हेच विचारले गेले, की कोणते औषध फवारले होते, किती वेळ, रुग्ण दवाखान्यात केव्हा आला आणि रक्तात काय आढळले.

याची उत्तरे नोंदीतूनच मिळतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडतात. मग लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. रक्तातील या विकराची पातळी वेळेत तपासली, तर निदानाला आधार मिळतो आणि पुढे प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती पुरावाही राहतो. तपासलेच नाही, तर तो मृत्यू जुन्या अहवालातल्या तापाच्या रकान्यासारखा कुठेतरी मिसळून जातो.

म्हणून फवारणीनंतर मळमळ, चक्कर किंवा अंधारी आली तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि लगेच दवाखान्यात जावे. औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नेमके विष कळते. फवारणी केव्हा आणि किती वेळ केली ते सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. त्या कागदाचा पहिला उपयोग रुग्णाचा जीव वाचवायला होतो. दुसरा उपयोग पुढे कधीतरी, सभागृहात कोणी तरी उभे राहून प्रश्न विचारील तेव्हा होईल. १८९७ च्या उन्हाळ्यात गोखल्यांकडे असा एकही कागद नव्हता.